‘उचला’तला ला

शेखरच्या सासूबाईंना, म्हणजे रोहिणखेडच्या सरस्वतीबाईंना, खरं तर फोनची गरजच नव्हती. वांग्याच्या वावरात उभं राहून त्यांनी हाक मारली की नाल्यापलीकडचा माणूस ‘ओ’ देई, आणि बऱ्याचदा ज्याला हाक मारलेलीच नाही तोही देई. त्यांचे यजमान हिंमतराव लग्नानंतर पहिल्याच वर्षी कमी बोलायला शिकले आणि पुढे त्यांनी तो विषय वाढवला नाही. पण थोरली लेक अर्पिता धाडला दिली, मध्ये राजूरचा घाट आणि अख्खं बुलढाणा आलं, तेव्हा मात्र बाईंना मोबाईल घ्यावा लागला. तरीही त्या फोनवर असं बोलायच्या, की जणू फोन हे निव्वळ निमित्त आहे आणि आवाज घाट चढून स्वतःच जाणार आहे.

जावई शेखर धाडला डीजे होता. एक पिकअप, तिच्यावर रचलेले स्पीकर, आणि पुढच्या काचेवर ‘शेखर साउंड’ अशी लाल अक्षरं. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त बेसचा नाद. घरी पाहुणा आला तर ‘कसे आहात’ विचारण्याआधी तो विचारायचा, “हे ऐका बरं, छातीत लागते का?” पाहुण्याच्या छातीत लागलं की शेखरचं समाधान व्हायचं, आणि पाहुणा पुन्हा यायचा नाही. घरात जागा पुरेना म्हणून त्यानं एक मोठा बेसचा खोका अर्पिताच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला होता. अर्पितानं त्यावर पिठाचा डबा ठेवला. शेखरनं साउंड चेक केला की चपात्यांचं पीठ आपोआप चाळलं जायचं.

तर अर्पिताच्या धाकट्या बहिणीचा, निशिगंधाचा, साखरपुडा ठरला. थोरल्या जावयानं तिथं असायलाच पाहिजे, त्याच्या हातून चार कामं व्हायला पाहिजेत. अर्पिता दोन दिवस आधी माहेरी गेली. शेखर म्हणाला, “तू हो पुढे, मी येतोच.” आणि साखरपुड्याच्या सकाळी तो जवळच्याच एका गावात हळदीचा साउंड फक्त ‘लावून द्यायला’ गेला. लावून दिला की निघायचं, असा बेत. पण तिथं एका बेसमधून घर्र घर्र आवाज यायला लागला. पोटच्या पोराला ताप भरावा तसा शेखर कासावीस झाला. त्यानं खोका उघडला आणि कमरेपर्यंत आत शिरला. फोन राहिला गाडीत.

रोहिणखेडला मांडव भरला. नवऱ्या मुलाकडचे आले, सरबत झालं, दुसऱ्यांदा सरबत झालं. सरस्वतीबाई फोन लावून थकल्या. निशिगंधानं त्यांना बटण दाबून धरून निरोप बोलायचं शिकवलं होतं. मांडवाच्या मागे उभ्या राहून त्यांनी बटण असं दाबलं, की जणू शेखरची मानगूट आहे, आणि बोलल्या :

“जवाईबापू, फोन उचला! पाव्हणे खोळंबले, फोन उचला! माही पोरगी दारात उभी राहून वाट पाहून राह्यली, फोन उचला! आमी काय मानसं नाई का? जवाईबापू, फोन उचला!”

शेखर पोचला तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती. अर्पितानं त्याला वाढलं. तो जेवला. मग ती म्हणाली, “मी इथंच राह्यते आता. तुमी जा. तुमचा बेस वाट पाहून राह्यला असन.”

शेखर एकटाच धाडला आला. चार दिवस खिचडी खाल्ली, पाचव्या दिवशी खिचडी करायचाही कंटाळा आला. दुपारी तो शेडमध्ये बसून सासूबाईंचा निरोप ऐकत राहिला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा खरंच वाईट वाटलं. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्या लक्षात आलं, की आपला पाय हलतोय.

बाई ‘फोन उचला’ म्हणत होत्या ते एका ठेक्यात म्हणत होत्या! मध्ये श्वास घ्यायच्या तोही तालात. संतापाला इतका पक्का ताल असतो हे शेखरला ठाऊक नव्हतं. त्याचा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला. त्यात वाईट हेतू काही नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. खाज सुटल्यावर हात जातो तसाच गेला. पाव्हणे खोळंबले, पोरगी दारात, हे सगळं त्यानं कापून बाजूला टाकलं, कारण ते ठेक्यात बसत नव्हतं. राहिलं फक्त ‘फोन उचला, जवाईबापू’. खाली दणदणीत बेस घातला. मध्ये फोनची रिंग वाजवली. गाणं तयार.

पुढच्याच हळदीला त्यानं ते हळूच वाजवून पाहिलं. नवरदेव उटण्यानं माखलेला पाटावर बसला होता, तो उठून नाचायला लागला. त्याची होणारी सासू नाचली. देवळाच्या ओट्यावर बसलेले म्हातारे मान हलवू लागले. पाच वेळा तेच गाणं वाजवावं लागलं. शेखरनं गाणं नेटवर टाकलं, नाव दिलं ‘फोन उचला जवाईबापू’, आणि आवाज कुणाचा या जागी काहीच लिहिलं नाही. रोहिणखेडला कोण ऐकणार आहे, असं त्याला वाटलं. जणू रोहिणखेड चंद्रावर आहे.

दिवाळीनंतरच्या लग्नसराईत त्या गाण्यानं जिल्हा डोक्यावर घेतला. आणि मग ज्याच्या हाती लॅपटॉप तो त्याची आवृत्ती काढू लागला. चिखलीकडच्या एकानं हलगी मिक्स काढला. सुलतानपूरच्या एका पोरानं संबळ घालून असा काही वाजवला, की म्हणे एका वरातीत दोन बायकांच्या अंगात आलं. कुणीतरी सॅड मिक्स काढला, त्यात मागे पाऊस आणि व्हायोलिन. तो ऐकला की जावई वारलाय आणि सासू रडतेय असंच वाटे. शेखर प्रत्येक आवृत्ती ऐकायचा आणि शिव्या घालायचा, पण आतून त्याला गुदगुल्या व्हायच्या.

त्यात पुण्याच्या डीजे अवीनं क्लब मिक्स काढला. हा अवी, म्हणजे अविनाश, मोठमोठ्या क्लबांतून वाजवणारा. त्यानं सगळी फोडणीच बदलली. सुरुवातीला बराच वेळ नुसता धुकट आवाज, मग लांबून ‘फोन... फोन...’, मग ताण वाढत वाढत ‘उच-उच-उचल-उचल-उचल-उचल’, आणि धाडकन बेस. तो क्लब मिक्स मूळ गाण्याच्या कितीतरी पुढे गेला. शहरातली पोरं त्यावर व्हिडिओ करू लागली. शेखरचं नाव कुठंच नव्हतं. त्याला फार लागलं ते. आपण सासूबाईंचं नाव लिहिलं नव्हतं हे मात्र त्याला त्या वेळी आठवलं नाही.

तेवढ्यात अर्पिताचा फोन आला. माहेरी राहिल्यापासून पहिल्यांदा.

“मोताळ्याले लग्नात गेलती,” ती म्हणाली. “वरातीत माही माय ओरडून राह्यली होती. कोनाले विचारून केलं हे?”

“अगं, हिट झालं ते...”

“या इकडे. आईनं बोलावलं.” फोन बंद.

शेखर पाव किलो पेढे घेऊन निघाला. घाट उतरताना वाटलं पाव कमी पडेल, म्हणून मोताळ्याला आणखी पाव घेतले.

त्याला वाटलं होतं दारातच चप्पल बसेल. झालं उलटंच. पाय धुवायला कोमट पाणी आलं. कोरा टॉवेल आला. खुर्चीवर गादी घालून त्याला बसवलं. सरस्वतीबाई डोक्यावरचा पदर सावरून म्हणाल्या, “या बापू. प्रवास बरा झाला ना?” इतक्या हळू आवाजात, की शेखरनं पेढ्याचा पुडा आधी पुढे सरकवला. कोपऱ्यात हिंमतराव मिरच्या निवडत होते आणि नकळत गुणगुणत होते, “फोन उचला, टिंग टिंग टिंग...” बायकोनं नुसतं पाहिलं. हिंमतरावांना मिरचीचा ठसका लागला आणि तो बराच वेळ लागून राहिला.

“मामी, ते गानं...” शेखरनं सुरुवात केली.

“च्या घ्या आधी.”

त्यानं चहा घेतला. तोंड भाजलं, तरी पीत राहिला. बशी खाली ठेवल्यावर सरस्वतीबाईंनी आपला फोन काढला आणि क्लब मिक्स लावला. ‘उचल-उचल-उचल-उचल.’

“काय म्हनते हे?”

“उचल म्हनते, मामी.”

“उचल! आता इमानानं सांगा. म्या तुमाले कवा ‘उचल’ म्हनलं?”

“नाई, मामी.”

“सात वर्सं झाले तुमच्या लग्नाले. माह्या तोंडातून तुमच्यासाठी कवा अरे-तुरे निंघालं? त्या दिवशी तुमी आले नाई, माह्या डोक्यात राख गेली. मनात मी तुमाले काय काय बोलली ते इठोबाले ठाव. पन तोंडानं? तोंडानं ‘उचला’च म्हनलं ना?”

“उचलाच म्हनलं.”

“मंग माहा ला कुठी गेला?”

सरस्वतीबाईंचा आवाज आता नेहमीच्या पट्टीला आला होता, बाहेर दोन कोंबड्या उडाल्या. “धाडच्या बजारात वांगे घेऊन गेलती मी, तं ते तुमची शेजारीन पुष्पाबाई चारचौघीत मले म्हनते, ‘काय व सरस्वती, जवायाले उचल म्हनतं का तू? अशी पद्धत आहे का रोहिणखेडले?’ मान खाली घालावी लागली मले. गान्यात नाचवलं, नाचवा. माह्या आवाजाले मी काय कुलूप लावलं नाई. पन जवायाचा मान मी ठेवला अन् लोकं म्हनतेत सोडला, हे मी आयकून घेनार नाई.”

शेखरच्या जिवात जीव आला. म्हणजे राग दुसऱ्यावर आहे! तो खुर्चीत जरा मागे सरकून बसला. “पुन्याचे लोकं आहेत, मामी. त्याइले मान-पान काय समजते? त्यानं सरळ कापूनच टाकला ला.”

“त्यानं एक ला कापला,” आतल्या दारातून अर्पिता म्हणाली. ती तिथं केव्हापासून उभी होती कोण जाणे. “तुमी काय काय कापलं ते सांगा ना आईले. पाव्हणे खोळंबले ते कुठी गेलं? पोरगी दारात उभी होती ते कुठी गेलं?”

“अगं, ते बीटावर बसत नव्हतं,” शेखर म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं.

“हाव,” अर्पिता म्हणाली. “तशी बी मी तुमच्या बीटावर कवाच बसली नाई.”

ती आत गेली. हिंमतरावांनी ठसका पुन्हा सुरू केला, यावेळी मुद्दाम.

सरस्वतीबाईंनी पेढ्याचा पुडा सोडला, एक पेढा तोंडात टाकला, आणि फर्मान काढलं. निशिगंधानं फोनवर पाहिलं होतं : हाच डीजे अवी रविवारी दुपारी बुलढाण्याला येणार होता, घाटाच्या वरच्या अंगाला नवं रिसॉर्ट झालंय तिथं, पूल पार्टीला. “गाडी काढा बापू. त्याले भेटू.”

“मामी, तिथं आपल्याले कोन आत घेईन?”

“नाई घेतलं तर बाहेरून बोलन मी.”

हे मात्र खरं होतं.

रविवारी पिकअपच्या पुढच्या सीटवर तिघं बसले. मधे सरस्वतीबाई, खिडकीशी अर्पिता. तीही निघाली होती, कारण, ती म्हणाली, आईच्या बोंबलण्यावर चड्डी घालून कोण नाचतं ते तिला एकदा पाहायचं होतं. घाटभर नवरा-बायकोचं बोलणं सासूबाईंमार्फत चाललं.

“आई, त्याइले म्हन काच वर करा.”

“बापू, काच.”

“मामी, तिले म्हना काच खराब आहे, वर होत नाई.”

“अर्पे, काच खराब आहे.”

“आई, त्याइले म्हन स्पीकर मातर एक बी खराब नाई.”

हा निरोप सरस्वतीबाईंनी पोचवला नाही. तो पोचला होता.

रिसॉर्टच्या फाटकावर काळा टी-शर्ट घातलेला एक आडदांड गडी उभा होता. तो म्हणाला, “मावशी, फक्त कपलले एंट्री आहे.” मग शेखर-अर्पिताकडे पाहून, “तुमी कपल आहा का?”

शेखरनं अर्पिताकडे पाहिलं.

“कागदावर,” अर्पिता म्हणाली.

“अन् ह्या?”

“मी ह्याइची सासू!” सरस्वतीबाई म्हणाल्या. “अशा जागी जवायाले एकट्याले सोडत असतेत का?”

गड्याच्या कपाळावर आठी पडली. तो आवाज त्यानं कुठंतरी ऐकला होता. “मावशी,” तो हळूच म्हणाला, “जरा ‘फोन उचला’ म्हना बरं.”

“काऊन? कोनाचा वाजून राह्यला?”

गड्यानं फाटक सताड उघडलं आणि आतल्या दुसऱ्या गड्याला ओरडून सांगितलं, “अबे, ओरिजिनल आली बे!”

आत निळंशार पाणी, त्यात पन्नास-साठ पोरंपोरी. काही बुलढाण्याची, काही खामगाव-अकोल्याकडून आलेली, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. सरस्वतीबाईंनी पिशवी काखेत घट्ट धरली. “एवढे जन पान्यात,” त्या म्हणाल्या, “अन् एकाच्या बी अंगाले साबन नाई.” तेवढ्यात कडेच्या यंत्रातून फसाफसा फेस निघाला आणि सगळ्या तलावावर पसरला. “हां,” त्या म्हणाल्या, “आता आला.”

स्टेजवर डीजे अवी. केसांचा बुचडा, एका कानावर हेडफोन. त्यानं बटणं फिरवली आणि तो धुकट आवाज सुरू झाला. तलावातल्या पोरांनी आरोळी ठोकली.

शेखर हे सगळं ऐकत उभा होता, आणि त्याला जे वाटलं ते त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही. बेस फार सुंदर होता. आपल्या पिकअपवर जन्मात न जमलेला. गोल, कोरडा, छातीत लागणारा पण कानाला न बोचणारा. तो इथं भांडायला आला होता आणि त्याच्या अंगावर काटा आला होता. मग ‘उचल-उचल-उचल’ सुरू झालं आणि त्याला एकदम जाणवलं, की आपल्या शेजारी सासूबाई नाहीत.

त्या स्टेजच्या पायऱ्या चढत होत्या. दोन गडी आडवे व्हायला गेले आणि आपण होऊनच बाजूला झाले.

अवीनं हेडफोन सरकवला. “काकू, रिक्वेस्ट नंतर घेतो हं.”

“माहा ला कुठी?”

“काय?”

“ला! उचलातला ला! काऊन कापला?”

गाणं मागे गोल गोल फिरतच होतं. अवीला निम्मंच ऐकू येत असावं. तो अदबीनं म्हणाला, “काकू, त्या ‘ला’मुळे ड्रॉप नीट पडत नव्हता.”

“लामुळे काय पडत नव्हतं?”

“ड्रॉप. तो धाडकन बेस येतो ना, तो.”

“अन् जवायाचा मान पडला, त्याचं?”

आता अवी थबकला. त्यानं बाईंकडे पाहिलं, गाण्याकडे कान दिला, पुन्हा बाईंकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. “एक मिनिट. तुम्हीच का त्या?” आणि त्या पोरानं, आनंदाच्या भरात म्हणा किंवा खोडी म्हणून म्हणा, हातातला माईक त्यांच्यापुढे धरला.

“नाई! भाऊ, आवाज खाली घ्या आधी!” शेखर फेसातून धावत सुटला. “खाली घ्या! तुमाले माहीत नाई...”

उशीर झाला होता.

“जवाईबापूऽऽ, फोन उचलाऽऽ!”

आयुष्यभर माईकवाचून नाल्यापलीकडे पोचणारा आवाज पहिल्यांदाच माईकमध्ये शिरला. स्पीकर किंचाळले. एक लाल दिवा लागला, दुसरा लागला, आणि फट्‌कन सगळं बंद. घाटावर एकदम शांतता. फेसाचे बुडबुडे फुटतात तोसुद्धा आवाज ऐकू येऊ लागला.

सरस्वतीबाईंना त्यानं काहीच फरक पडला नाही. त्यांनी माईक अवीच्या हाती परत दिला आणि तशाच बोलल्या.

“पोट्ट्याहो, आयका. उचल म्हनायचं नाई. उचला. जवाई आहे तो माहा, कसाबी असला तरी.” इथं त्यांनी बोट केलं, आणि साठ काळे चष्मे शेखरकडे वळले. तो गुडघाभर फेसात उभा होता. “अन् गान्यात आहे तेवढंच म्या म्हनलं नव्हतं. माह्या धाकटीचा साखरपुडा होता. पाव्हणे खोळंबले होते. हे माही थोरली, ते उभी आहे पाहा, हिरवा शालू नेसून दारात उभी होती. ते गान्यात नाई.”

पाण्यातली एक मुलगी ओरडली, “मग आला का जावई?”

“आला. भांडे घासल्यावर.”

तलावातून असा काही ‘छीऽऽ’ उमटला, की शेखरला लग्नात पडलेल्या एकूण टाळ्याही त्याच्यापुढे कमी होत्या. पोरी जास्त ओरडत होत्या. कुणीतरी त्याच्यावर फेस फेकला. त्यानं अर्पिताकडे पाहिलं. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. तिथून ती काय पाहत होती ते त्याला कळेना. तो स्टेजवर चढला, अवीच्या हातून माईक घेतला आणि म्हणाला, “अर्पिता, चुकलं माहं.”

“माईक बंद आहे,” अर्पिता खालून म्हणाली. “मोठ्यानं म्हना.”

दहा वर्षं शेखरनं जगाला मोठ्यानं ऐकवलं होतं, पण त्यात त्याचा स्वतःचा आवाज कधीच नव्हता. आता स्पीकर बंद, खाली साठ माणसं, आणि बाजूला जिचा आवाज घाटाला पुरतो अशी सासू. त्यानं छाती भरून घेतली आणि ओरडला. आवाज चिरकला, मध्येच फुटला, वयात येणाऱ्या पोरासारखा वर गेला आणि खाली आलाच नाही.

“चुकलं माऽऽहं! मी यायले पाह्यजे होतो!”

पोरांनी हसून पाणी उडवलं. अर्पितानं पदर तोंडाला लावला. ती हसली की काय ते पदराआड दिसलं नाही, पण खांदे हलत होते.

तेवढ्यात कुणीतरी मागची वायर जोडली. अवीनं बाईंकडे पाहिलं, गाणं मागे घेतलं, ताण चढवत नेला आणि ‘उचल’वर येताच सगळा आवाज तोडला. क्षणभर काहीच नाही. आणि त्या रिकाम्या जागेत साठ गळे एकदम ओरडले :

“लाऽऽऽ!”

धाडकन बेस. तलाव उसळला.

“हां,” सरस्वतीबाई म्हणाल्या, “आता पडला तुहा ड्रॉप.” आणि पायऱ्या उतरल्या.

पुढच्या आठवड्यात अवीनं खरंच नवी आवृत्ती काढली, ‘आदरार्थी मिक्स’ नावाची. तिच्यावर आवाज म्हणून सरस्वतीबाईंचं नाव आहे, आणि मूळ गाणं म्हणून शेखरचं. पुष्पाबाईंना ती धाडच्या बाजारात ऐकवण्यात आली. त्या म्हणाल्या, मले तर आधीबी ‘उचला’च ऐकू आलं होतं.

पण ते नंतरचं. त्या रविवारी घाट उतरताना सरस्वतीबाईंनी खुणेनंच सांगितलं की मळमळतंय, खिडकीशी बसते. खुणेनं अशासाठी, की त्यांचा आवाज बसला होता. मग अर्पिता मधे आली. एका वळणावर शेखर रस्त्याकडे पाहतच म्हणाला, “धाडले येतं का?”

“तो खोका,” अर्पिता म्हणाली, “माह्या सैपाकघरातून काढा आधी.”

“आजच काढतो.”

“आज नाई. मी आल्यावर, माह्या डोयासमोर. तुमी मांगच्या दारानं परत आनसान.”

हा विश्वास सात वर्षांच्या संसारातून आला होता, त्यामुळे शेखरनं वाद घातला नाही.

ती चार दिवसांनी आली. खोका निघाला, तो शेडमध्ये गेला, आणि स्वयंपाकघरात इतकी जागा झाली की दोघं एका वेळी उभी राहू लागली. भांडायलाही सोय झाली.

इकडे रोहिणखेडला मात्र वेगळंच घडत होतं. मोताळ्याच्या डॉक्टरनं सरस्वतीबाईंना सांगितलं, आवाजाच्या दोऱ्या सुजल्यात, सूज उतरेपर्यंत बोलायचं नाही. त्यांनी हातवारे सुरू केले. हिंमतरावांना पहिला दिवस सणासारखा गेला. ओसरीवर बसून त्यांनी मन लावून पान चघळलं, दुपारी ते झोपले, उठून पुन्हा झोपले. दुसऱ्या दिवशी कोंबड्या वेळेवर परतल्या नाहीत, कारण त्यांना हाकच ऐकू आली नव्हती. तिसऱ्या दिवशी शेजारी विचारायला आला, घरी सगळं ठीक आहे ना. त्यानंतर हिंमतराव अस्वस्थ झाले. जेवताना हात थांबायचा. घर जणू कुणी रिकामं करून नेलंय.

एका सकाळी शेखरला फोन आला. सात वर्षांत सासऱ्यांनी स्वतः केलेला पहिला फोन. शेखरनं घाबरून उचलला.

“जवाईबापू,” हिंमतराव कुजबुजले, “ते गानं माह्या फोनवर टाका बरं.”

“कोनतं, मामा? क्लबवालं का आदरार्थी?”

“नाई बाप्पा. तुमचं पह्यलंवालं. त्यात धडधड कमी आहे, अन् तुमची मामी जास्त आहे.”

शेखरनं पाठवलं. हिंमतराव वावरात गेले, फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला, आवाज पूर्ण वर केला आणि वांगी तोडायला लागले. बांधावरून सरस्वतीबाईंनी ते ऐकलं. त्यांनी तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. त्यांनी हात हलवले, हिंमतराव पाठमोरे. शेवटी त्यांनी पायाशी पडलेलं एक किडकं वांगं उचललं आणि नेम धरून नवऱ्याला फेकून मारलं.

ते खांद्यावर बसलं. हिंमतरावांनी मागे वळून पाहिलं, खांदा झटकला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.